लॅपटॉप वारंवार हँग होत असेल, तर फॉरमॅट करण्याआधी

लॅपटॉप काम करता करता मध्येच हँग होऊ लागला की दुकानात बहुतेक वेळा पहिला सल्ला मिळतो तो विंडोज नव्याने टाकण्याचा. हा सल्ला कधीकधी लागू पडतो. परंतु बिघाड उष्णतेत, डिस्कमध्ये किंवा रॅममध्ये (चालू कामाची माहिती तात्पुरती साठवणाऱ्या मेमरीत) असेल, तर फॉरमॅट करूनही आठ-पंधरा दिवसांत तेच पुन्हा सुरू होते आणि तोपर्यंत घरातील फोटो, दुकानाचे हिशेब व मुलांचे प्रकल्प मात्र पुसले गेलेले असतात. म्हणून आधी कारण शोधावे आणि त्यासाठी लॅपटॉप नेमका केव्हा अडकतो हे नीट पाहावे.

त्याहीपूर्वी करायचे काम म्हणजे बॅकअप. डिस्क निकामी होत असेल तर तपासण्यांचा ताणही तिला सोसत नाही, म्हणून कोणतीही दुरुस्ती सुरू करण्याआधी महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्याव्यात. संपूर्ण ड्राइव्ह एकदम कॉपी करायला लावू नये. पुन्हा मिळणार नाहीत अशा गोष्टी, म्हणजे हिशेबाचा डेटा, कागदपत्रांचे स्कॅन आणि फोटो, थोड्या-थोड्या करून आधी घ्याव्यात. चित्रपट आणि गाणी शेवटी घेतली तरी चालतील.

नंतर दोन-तीन दिवस एका वहीत नोंद ठेवावी. लॅपटॉप कोणत्या वेळी अडकला, कोणता प्रोग्रॅम चालू होता, चार्जर लावलेला होता की नाही, पंख्याचा आवाज वाढला होता का आणि लॅपटॉप टेबलावर होता की गादीवर, एवढे लिहिले तरी पुरेसे आहे. पडदा अडकलेला असताना कॅप्स लॉकचे बटण दाबून पाहावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर यंत्रणा आतून जिवंत आहे आणि दोष बहुधा एखाद्या प्रोग्रॅमचा किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरचा (पडद्यावरचे चित्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) आहे. अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि अडकलेला प्रोग्रॅम बंद करावा, किंवा विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबून ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू करावा. दिवाही बदलत नसेल, तर बहुधा संपूर्ण यंत्रणाच थांबलेली असते. दोन-तीन मिनिटे वाट पाहून मगच पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरावे.

आपल्याकडे पहिला संशय उष्णतेवर घ्यावा, असे माझे मत आहे. सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि पत्र्याच्या छताखाली बसून काम करणाऱ्याचा लॅपटॉप सुरू होण्याआधीच तापलेला असतो. माझ्या मामेभावाचे मार्केट यार्डाजवळ हळदीच्या व्यापाराचे ऑफिस आहे. हळदीचे सौदे जोरात असण्याच्या काळातच त्याचा लॅपटॉप दुपारी दोनच्या सुमारास अडकत असे आणि सकाळी मात्र सुरळीत चाले. दोनदा विंडोज बदलून झाल्यावर खालचे झाकण उघडले, तेव्हा पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारी धातूची जाळी) यांच्या मधल्या फटीत हळदीची भुकटी व धूळ मिळून नमदा बसावा तसा पिवळसर थर बसलेला आढळला. पंखा फिरत होता, पण हवेला बाहेर पडायला वाट उरली नव्हती. थर काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे पोहोचवणारा लेप) बदलल्यावर लॅपटॉप पुन्हा दुपारी अडकला नाही.

एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरचे तापमान पाहता येते. पुष्कळ प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या जवळपास असते. जड काम करताना आकडा थोडा वेळ नव्वदीत जाणे गैर नाही. परंतु साधे टायपिंग चालू असताना तो तिथे पोहोचत असेल, तर साफसफाई हवी. लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, पंख्याचे पाते काडीने हलकेच अडवून धरावे आणि मग हवा मारावी, कारण हवेच्या झोताने पंखा अतिवेगाने फिरला तर तो बिघडू शकतो. गाडीच्या टायरमध्ये हवा भरण्याच्या कॉम्प्रेसरची हवा वापरू नये. तिच्यात पाण्याचा व तेलाचा अंश असतो. झाकण उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली, किंवा आधीपासूनच टचपॅड वर उचलला गेला असेल, तर तिला हात न लावता थेट तंत्रज्ञाकडे जावे.

तापमान ठीक असेल, तर डिस्ककडे वळावे. लॅपटॉप अर्धा-एक मिनिट गप्प राहून आपोआप पुढे चालू लागणे, टास्क मॅनेजरमध्ये फारसे काम नसतानाही डिस्क सतत १०० टक्के दिसणे आणि हार्ड डिस्क असल्यास तिच्यातून टिकटिक ऐकू येणे, या डिस्कच्या बिघाडाच्या खुणा आहेत. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम डिस्कची प्रकृती दाखवतो. त्यात 'गुड'ऐवजी 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसले, तर डिस्क बदलण्याचीच तयारी ठेवावी. विंडोजमधील 'चेक डिस्क' या सोयीची सखोल तपासणी अशा डिस्कवर बॅकअपशिवाय चालवू नये. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, 'कर्नेल-पॉवर ४१' ही नोंद पाहून अनेकजण घाबरतात, परंतु लॅपटॉप नीट बंद झाला नव्हता एवढेच ती सांगते. कारण शोधायचे तर तिच्या आधीच्या काही मिनिटांत 'डिस्क' किंवा 'डब्ल्यूएचईए-लॉगर' (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा) या नावाच्या नोंदी आहेत का ते पाहावे.

रॅमसाठी विंडोज मेमरी डायग्नोस्टिक आहेच. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवल्यास खात्री अधिक होते. त्यात एकही चूक दिसली तर ती दुर्लक्षिण्याजोगी नसते. रॅमच्या दोन पट्ट्या असतील, तर एकेक काढून तपासाव्यात.

दोष यंत्रात आहे की विंडोजमध्ये, हे ठरवण्याची एक चांगली रीत म्हणजे उबुंटू ही विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम पेन ड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता, दोन-तीन तास वापरून पाहणे. तिथेही लॅपटॉप अडकला तर फॉरमॅटचा उपयोग होणार नाही. मात्र ही चाचणी करण्याआधी बिटलॉकरची (डिस्कवरील डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की आपल्याजवळ आहे ना, हे पाहून घ्यावे. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये हे एन्क्रिप्शन आपोआप चालू असते आणि पेन ड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी सेटिंग बदलताच की मागितली जाऊ शकते.

उबुंटूवर तो सुरळीत चालला, तर नुकताच आलेला ड्रायव्हर मागे घेणे, दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढणे आणि सी ड्राइव्हमध्ये पुरेशी जागा मोकळी करणे, हे उपाय आधी करावेत. ४ जीबी रॅमवर ब्राउझरचे वीस टॅब उघडले तर लॅपटॉप मंदावणारच.

चार्जर लावल्यावरच कर्सर उड्या मारत असेल किंवा टचपॅड दाद देत नसेल, तर लॅपटॉपला दोष देण्याआधी अर्थिंग तपासावे. जुन्या वाड्यांतील वायरिंगमध्ये ते पुष्कळदा नसते. चार्जर काढून किंवा यूएसबी माउस लावून काम सुरळीत चालले, तर वायरमनला बोलवावे.

एवढे करूनही दुकानात जाण्याची वेळ आली, तर ती वही सोबत न्यावी, 'डेटाला हात लावायचा नाही' असे पावतीवर लिहून घ्यावे आणि बदललेला जुना भाग परत मागावा. दुरुस्त होऊन आलेला लॅपटॉप निदान पंधरा दिवस न अडकता चालेपर्यंत बाहेरच्या डिस्कवरील बॅकअप पुसू नये.