गॅलरीतली फळझाडं: कोकणात कुंडी पावसात सांभाळायची

घाटावरच्या मैत्रिणी विचारतात, उन्हाळ्यात कुंड्यांना पाणी कसं पुरवतेस? रत्नागिरीत आमची काळजी उलटी. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. माझं पहिलं लिंबू वैशाखातल्या उन्हातून सुखरूप बाहेर पडलं आणि आषाढात गेलं. पानं पिवळी पडून गळायला लागली, तेव्हा मला वाटलं भूक लागली असेल, म्हणून मूठभर खत घातलं. शेजारच्या काकूंनी कुंडीखालची ताटली उचलून दाखवली. ती काठोकाठ भरलेली. "अगो, झाड उपाशी नाय तुझं, बुडालंय." कुंडी उपडी केली तर मुळं काळी, बोटाने ओढली की साल सुटून हातात येणारी, आणि वास गटाराचा. म्हणून हे सगळं पावसाकडून सुरू करते.

आधी जागा आणि वजन

फळझाडाला दिवसाचं निदान पाच-सहा तास ऊन हवं. गॅलरी पश्चिमेला असेल तर ऊन भरपूर मिळतं, पण पावसाचा सगळा मारा आणि समुद्राचा खारा वाराही तिकडूनच. वाऱ्याने पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या तर ती कीड नव्हे, मीठ आहे. पाऊस नसलेल्या दिवसांत आठवड्यातून एकदा पानं गोड्या पाण्याने धुवावीत.

नुसत्या मातीने भरलेली ४० लिटरची कुंडी भिजली की ६० किलोच्या पुढे जाते. अशा कुंड्या कठड्याकडे न लावता घराच्या भिंतीला लागून ठेवा. कठड्यावर तर कुंडी ठेवूच नये. वरच्या मजल्याची पागोळी जिथे पडते ती रेघही टाळा. एका रात्रीत माती उडून मुळं उघडी पडतात.

झाड कोणतं

सुरुवात कागदी लिंबू, पेरू आणि अननस यांनी करा. जागा असेल तर पांढरा जाम (वॉटर अ‍ॅपल) किंवा कालीपत्ती चिकूचं कलम. तुती तर कुठेही येते. डाळिंबाच्या वाटेला मी जात नाही. आपल्या दमट हवेत त्याच्यावर डाग पडतात आणि फळं तडकतात. अंजिराच्या पानांवर पावसात तांबेरा येतो.

हापूस? सगळ्यांना तोच हवा असतो. कुंडीत तो जगतो, पण मुळात वर्षाआड धरणारं झाड, त्यातून मोहराच्या दिवसांत धुकं पडलं की संपलं. आंबाच हवा असेल तर आम्रपालीचं कलम घ्या. दशहरी आणि नीलमच्या संकरातून आलेली ही जात ठेंगणी आहे आणि दरवर्षी धरते. कलम घरी आणलं की दोन गोष्टी बघा. सांध्यावरची प्लास्टिकची पट्टी सांधा पक्का जुळल्यावर कापून काढायची, नाहीतर खोड तिथेच आवळलं जातं. आणि सांध्याच्या खालून आलेला प्रत्येक फुटवा खुडायचा. मी एकदा "किती छान फुटलंय" म्हणून असा फुटवा वाढू दिला. वरचं कलम वाळलं आणि वर्षभर मी कौतुकाने रायवळ वाढवत बसले.

कुंडी आणि माती

लिंबू-पेरूला १६ ते १८ इंची कुंडी लागते. रंगाची २० लिटरची बादली पहिली दोन वर्षं चालते. बादलीला तळाशी सहा-आठ भोकं पाडा आणि बाजूलाही, तळापासून दोन बोटं वर, तीन-चार पाडा. तळाचं भोक मुळांनी बुजलं तरी पाण्याला वाट राहते. भोकावर कौलाचा एक तुकडा पालथा ठेवला की पुरे. तळाला खडीचा जाड थर देण्याची पद्धत मी सोडली. त्याने वजन वाढतं, मुळांची जागा कमी होते आणि निचरा काही सुधारत नाही.

आपली जांभ्याची तांबडी माती एकटी कुंडीत भरली की पावसानंतर विटेसारखी बसते. मी एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग नारळाच्या सोडणाचा भुसा घेते, वर मूठभर निंबोळी पेंड. भुसा आधी दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून घ्यायचा, म्हणजे त्यातला क्षार निघून जातो. कुंडी काठापासून दोन इंच रिकामी ठेवा.

मे संपायच्या आत सगळ्या ताटल्या काढून ठेवा आणि कुंड्या विटांच्या तुकड्यांवर उचला, खालून बोट फिरेल इतक्या. पाऊस लागला की खत बंद. दिलेलं सगळं पहिल्या सरीबरोबर खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातं. खत द्यायचं ते पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. मासे धुतलेलं पाणी झाडाला चांगलं, यात वाद नाही. पण गॅलरीत ते घातलं की आळीतली सगळी मांजरं कुंडी उकरायला येतात.

गुटी बांधणे

जो पाऊस मुळं कुजवतो, तोच नवी मुळंही फोडतो. गुटी म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडून घ्यायची आणि मग ती तोडून वेगळं रोप करायचं. हवा इतकी दमट असते की एरवी सुकणारी फांदी आता तग धरते. लिंबू, पेरू आणि जाम यांची गुटी जूनअखेर ते जुलैत बांधावी. झाडात रस चढलेला असतो, त्यामुळे साल अलगद सुटते.

पेन्सिलीएवढी जाड, निरोगी, साधारण वर्षाची फांदी निवडा. शेंड्यापासून एक-दीड फूट खाली, डोळ्याच्या लगेच खालच्या जागेवरची पानं काढा. धारदार, स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने सालीवर गोल काप द्या, आणि त्याखाली इंचभर अंतरावर दुसरा. मधली साल बांगडीसारखी काढून घ्या. इथे बहुतेक जण थांबतात आणि फसतात. उघड्या लाकडावर बोट फिरवलं तर ते बुळबुळीत लागतं. तो पापुद्रा राहिला तर साल पुन्हा जुळून येते आणि मुळं फुटत नाहीत. ब्लेडच्या पाठीने तो खरवडा, लाकूड कोरडं, खरखरीत लागेपर्यंत. वरच्या कापाच्या कडेला मुळं फुटण्याची पावडर चिमूटभर लावा. मुळं तिथूनच येतात.

मग रात्रभर भिजवलेलं शेवाळ (नर्सरीत मॉस म्हणून मिळतं) घट्ट पिळून मूठभर घ्या. दाबल्यावर एखादाच थेंब पडावा, धार लागू नये. ते जखमेभोवती गुंडाळा, वरून पारदर्शक प्लास्टिक आणि दोन्ही टोकांना सुतळी. वरची गाठ जास्त आवळा, कारण पावसाचं पाणी फांदीवरून ओघळत आत शिरतं आणि गुटी कुजते. माझ्या पहिल्या चारपैकी तीन अशाच गेल्या.

आता सहा ते आठ आठवडे हात लावायचा नाही. प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली तरी घाई नको. त्यांना फाटे फुटून ती जराशी तपकिरी व्हायला लागली की गुटीच्या खाली फांदीला अर्धा काप द्या आणि आठवड्याने पूर्ण तोडा. प्लास्टिक सोडवा (हे लिहावं लागतंय, कारण आमच्याच घरात एकाने प्लास्टिकसकट लावलं होतं), शेवाळ तसंच राहू द्या, पानं निम्मी करा, सहा इंची पिशवीत लावा आणि महिनाभर सावलीत ठेवा.

बाकीची सोपी

तुतीची पेन्सिलीएवढी, वीतभर काडी खालच्या टोकाला तिरकी कापून दोन डोळे मातीत जातील अशी खोचली की पावसात फुटते. काडी उलटी लागली नाही ना, एवढं बघा.

अननसाचा शेंडा पिरगळून काढा, गर राहू देऊ नका. खालची पानं सोलून इंचभर देठ मोकळा करा, चार दिवस सावलीत सुकवा आणि मग लावा. आपली आंबट माती त्याला मानवते. फळाला दीड ते दोन वर्षं लागतात, तेवढा धीर असेल तरच. कागदी लिंबाची बीसुद्धा रुजते, पण पहिलं लिंबू दिसायला चार-पाच वर्षं, गुटीला त्याच्या निम्मी.

कोवळ्या लिंबाच्या पानांवर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर नीट बघा. ती फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवी होते, डिवचलं की डोक्यातून नारिंगी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. चार-पाच अळ्या झाड बोडकं करतात. हाताने वेचणं पुरतं. पावसाळी पेरूत फळमाशीच्या अळ्या पडतात, म्हणून फळ लिंबाएवढं झालं की जुन्या ओढणीच्या तुकड्याची पिशवी बांधा. पेरूला फळ नव्या फुटीवर येतं, तेव्हा काढणीनंतर शेंडे छाटायला कचरू नका.

आषाढात बांधलेल्या गुट्या गणपतीच्या आसपास तोडायला येतात. यंदा सातपैकी पाच लागल्या. दोन माझ्या कुंड्यांत आहेत. तीन विसर्जनानंतर मुंबईला जाणाऱ्या चाकरमान्यांनी मोदकांच्या डब्याशेजारी पिशवीत उभ्या करून नेल्या, आणि तिघांनाही सांगून झालंय की खाली ताटली ठेवू नका.