एन२ निघाली, पण आटे गेलेले कळेना

नागोयाजवळच्या एका पार्ट्सच्या कारखान्यात माझा तिसरा दिवस होता. आमचे हान्चो, म्हणजे लाइनवरच्या गटाचे प्रमुख, एका जिगवर, म्हणजे पार्ट पकडून ठेवायच्या साच्यावर, वाकून खुडबुड करत होते. मान वर न करताच म्हणाले, "नेजी गा बाका नि नात्तेरु."

नेजी म्हणजे स्क्रू, बाका म्हणजे मूर्ख. वाक्यातला शब्दन् शब्द मला येत होता, व्याकरणही सुरुवातीच्या पुस्तकातलं. 'स्क्रू मूर्ख झालाय.' आदल्या दिवशी तो जिग मीच हाताळला होता, त्यामुळे हे बोलणं आपल्यालाच आहे असं धरून मी "सुमिमासेन" म्हणत कमरेत वाकले. हान्चो चक्रावले. त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि फिरवायला सांगितलं. स्क्रू नुसता गरगर फिरत होता, पकड घेत नव्हता.

आटे गेले होते, एवढंच. सांगलीत बाबांच्या लेथवर मी लहानपणापासून हेच ऐकत आले होते. आपल्याकडे आटे जातात, तिकडे स्क्रू मूर्ख होतो. त्याच आठवड्यात 'बाका-आना' भेटलं: बोल्ट अडखळू नये म्हणून मुद्दाम जरा मोठं पाडलेलं भोक. शब्दशः 'मूर्ख भोक'. या वेळी मी माफी मागितली नाही.

माझ्याकडे तेव्हा एन२चं, म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतल्या वरून दुसऱ्या पातळीचं, सर्टिफिकेट होतं. डिसेंबर २०१६ची परीक्षा, १८० पैकी १०१. पुण्यात क्लासमध्ये पेढे वाटले होते. जे नुकतेच 'आ-इ-उ-ए-ओ' गिरवायला लागलेत आणि ज्यांना वाटतं की एन२ झाली की जपानी झालं, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी परीक्षेबद्दल थोडं. जेएलपीटी १९८४ साली सुरू झाली. जपान फाउंडेशन आणि जेईईएस या संस्था मिळून ती घेतात. पहिल्या वर्षी जगभरातून सात हजारांच्या आसपास लोक बसले होते, आता वर्षाला दहा लाखांच्या वर बसतात. पूर्वी चार पातळ्या होत्या. जुन्या तिसरीतून दुसरीत जाताना लोक मधल्या दरीतच पडायचे, म्हणून २०१०मध्ये मधे एन३ घातली आणि एन५ ते एन१ अशा पाच झाल्या. जुलै आणि डिसेंबरचा पहिला रविवार हे परीक्षेचे दिवस.

आता मुद्द्याचं. पाचही पातळ्यांत तोंड उघडावं लागत नाही आणि एक अक्षरही लिहावं लागत नाही. सगळं बहुपर्यायी, सगळं पेन्सिलने गोळे काळे करायचं. शब्द-व्याकरण, दोक्काई म्हणजे वाचन, चोकाई म्हणजे ऐकणं, संपलं. एन१ला कमाल गुण मिळवलेला माणूस जपानीत एक वाक्य बोलू शकतो की नाही, हे त्या कागदावरून कळायला मार्ग नाही. परीक्षा घेणाऱ्यांना दोष देण्यात तसा अर्थ नाही. दहा लाख लोकांना एकेक करून बोलतं करायचं आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं, तर परीक्षकच किती लागतील! पण मौज अशी की त्यांच्याच संकेतस्थळावर 'कोणत्या पातळीचे लोक काय काय करू शकतात' अशी एक यादी आहे, तिच्यात बोलणं आणि लिहिणंही आहे. ती यादी परीक्षार्थींना विचारून केलेली, म्हणजे त्यांनी स्वतःबद्दल जे सांगितलं ते. शिवाय डिसेंबर २०२५पासून गुणपत्रिकेवर युरोपातल्या सीईएफआर या भाषा मोजायच्या पट्टीवरची पातळीही दिसायला लागलीय. ती वाचून कुणी 'बी१ म्हणजे बी१सारखं बोलतो' असं समजू नये. बोलणं तपासलेलंच नाही.

पास होण्याचा हिशेबही समजून घ्या. एन२ला तीन भाग, प्रत्येकी ६०. एकूण ९० हवेत आणि कुठल्याही भागात १९च्या खाली जायचं नाही. म्हणजे शब्द-व्याकरणात ४५, वाचनात २६ आणि ऐकण्यात १९ पडले, तरी तुम्ही पास. ऐकण्यात ६० पैकी १९! सर्टिफिकेट मात्र दोघांचं सारखंच, तुमचं आणि ज्याला पंचावन्न पडले त्याचं. आपल्या मुलांचं बहुतेक उलटं असतं, कान बरा आणि कांजीने, म्हणजे चिनी वळणाच्या चित्राक्षरांनी, मारलेले. माझ्या ओळखीतले काही चिनी लोक मजकूर नजरेने पिऊन टाकायचे आणि जपानी माणसाने दुकानाचा रस्ता विचारला की गप्प व्हायचे. उत्तराला उणे गुण नाहीत, त्यामुळे वाचनाला वेळ पुरला नाही की शेवटचे सगळे गोळे 'तीन' वर भरायचे, हे क्लासमध्ये उघड शिकवतात. मीही भरलेत, खोटं कशाला बोलू.

आणि चुकलं कुठे हे कधीच कळत नाही. पेपर परत घेतात, उत्तरं जाहीर होत नाहीत. जुन्या प्रश्नांची अधिकृत पुस्तकं म्हणाल तर २०१२ आणि २०१८ची. गुणही सरळ मोजणीचे नसतात, वेगवेगळ्या वर्षांचे पेपर एका पट्टीवर आणून ते काढतात. २०१०पासून शब्दांची अधिकृत यादीही छापत नाहीत, त्यामुळे बाजारात 'एन३चे इतके शब्द' म्हणून जे मिळतं तो प्रकाशकांचा अंदाज असतो. अंदाज चांगला असतो, पण यादी पाठ झाली म्हणजे अभ्यास झाला असं नाही.

लिहिण्याची गंमत मला वॉर्ड ऑफिसात कळली. राहायला गेल्यावर चौदा दिवसांत तिथे जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. माझा पत्ता नागोयातल्या मिझुहो वॉर्डातला. मिझुहो लिहायला दोनच कांजी, पहिलं १३ रेघांचं, दुसरं १५. गेला आठवडाभर मी ते स्टेशनवर, बसवर, घराच्या करारावर वाचत होते, कुठेही दिसलं तर झोपेत ओळखलं असतं. फॉर्मवर पेन टेकवलं आणि डावीकडच्या दोन रेघांनंतर हात थांबला. पुढे काय येतं? ओळखीचा चेहरा असावा आणि नाक कसं होतं ते आठवू नये, तसं. खिडकीतल्या बाई एन२बिन२ काही विचारत नव्हत्या, त्यांना पत्ता हवा होता. शेवटी मोबाइलवर अक्षर मोठं करून मी ते चित्रासारखं उतरवलं. पहिलीतल्या पोराचं अक्षर बरं.

ऐकण्याच्या पेपरात स्टुडिओत बसलेले दोन जण टोकियोची धुतलेली भाषा बोलतात. एकजण बोलताना दुसरा मधे तोंड घालत नाही, मागे प्रेस मशीन चालू नसतं आणि कुणीही मास्कमागून बोलत नाही. पहिल्या महिन्यात शिफ्ट संपताना हान्चो खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "आऽ, क्यो वा एराइ ना." पुस्तकात 'एराइ' म्हणजे थोर, शाबासकीचा शब्द. मी हसून "आरिगातो गोझाइमास" म्हटलं. सगळी लाइन हसली. त्या भागात 'एराइ' म्हणजे दमायला झालं. हान्चो म्हणत होते, 'आज जीव गेला बुवा', आणि मी त्यांचे आभार मानत होते. सायकलला तिथे 'केत्ता' म्हणतात, 'शितेइरु'चं 'शितोरु' होतं. हे कुठल्याच एन-मध्ये नाही, आणि नसणारच. कोल्हापूरला जाणाऱ्याला कुणी 'काय करालायस'ची परीक्षा घेऊन पाठवत नाही. पण अशा शब्दापाशी न घाबरता "म्हणजे काय हो?" विचारायची सवय तरी लागते, आणि ती गोळे काळे करून लागत नाही.

याहून महागात पडला तो 'केन्तो शिमास'. अर्थ, विचार करतो. पुण्यातल्या ऑफिसने पाठवलेला एक बदल मी तिकडच्या खरेदी विभागापुढे ठेवला, त्यांनी मान हलवून "केन्तो शिमास" म्हटलं. मी पुण्याला मेल टाकला: विचार करतायत, आठवड्यात कळेल. तीन आठवडे आम्ही वाट बघितली. अर्थ मला ठाऊक होता, पर्यायांत दिला असता तर बरोबर गोळा काळा केला असता. पण स्थळ बघून गेलेले लोक "बघू, कळवतो" म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ कुठल्या मराठी माणसाला शब्दकोशात बघावा लागतो? ते "बघू, कळवतो" होतं.

मग ही परीक्षा देऊच नये का? द्या. जरूर द्या. कंपनीत अर्जांची चाळणी लावणाऱ्याला तुमचं बोलणं ऐकायला वेळ नसतो, तो एन बघतो. उच्च कौशल्याच्या व्हिसासाठी ७० गुण लागतात, त्यात एन१चे १५ आणि एन२चे १० मिळतात. 'तोकुतेइ गिनो', म्हणजे विशिष्ट कौशल्याच्या, व्हिसावर जायचं तर एन४ किंवा जेएफटी-बेसिक ही दुसरी जपानी परीक्षा लागते. हे दार त्याच किल्लीने उघडतं. माझं भांडण एवढंच आहे की आपल्याकडे सगळा अभ्यासक्रमच त्या किल्लीच्या मापाचा झालाय. एन५ झाली की एन४, लगेच एन३, अधेमधे तोंड उघडायला जागाच नाही.

आणि खरं सांगायचं तर मराठी माणसाला तोंड उघडायला सर्वांत सोपी परकी भाषा ही असावी. क्रियापद शेवटी, 'ला', 'त', 'हून' नामाच्या मागे, सगळं घरचं. परीक्षेत वाक्याचे तुकडे नीट लावायचा जो चांदणीचा प्रश्न येतो, तो आपली मुलं डोळे मिटून सोडवतात. त्याहून भारी म्हणजे 'यात्ते मिरु'. शब्दशः 'करून बघणे', आणि अर्थही तोच, करून बघणे! 'यात्ते ओकु' म्हणजे करून ठेवणे. 'यात्ते शिमाउ' म्हणजे करून टाकणे, किंवा हातून होऊन जाणे. इंग्रजीतून शिकवताना यावर पानभर स्पष्टीकरण देतात. मला ज्या दिवशी हे मराठीतून दिसलं, त्या दिवशी वाटलं की चार वर्षं उगाच इंग्रजीचा वळसा घेतला. हान्चो "कोरे, यात्तोइते" म्हणायचे, 'यात्ते ओइते'चं घाईतलं रूप. 'हे करून ठेव गं.' असं ऐकलं की कानाला लगेच लागतं. 'त्सु'सुद्धा बाकीच्यांना जड जातो. आपला चमच्यातला 'च' जवळजवळ तिथेच बसतो.

तर नव्यांनी काय करावं? माझा अनुभव सांगते, प्रत्येकाला लागू पडेलच असं नाही. परीक्षेचा म्हणून खास अभ्यास शेवटच्या तीन महिन्यांतच करा: वेळ लावून पेपर, वाचनाचा वेग, गोळे. बाकीचे महिने भाषेला द्या. एन४पासूनच रोज पाच ओळींची डायरी हाताने लिहा, वहीत, मोबाइलवर नाही. मोबाइल कांजी सुचवतो आणि तिथेच घात होतो. रोज पाचच कांजी न बघता लिहून बघा. आधी स्वतःचा पत्ता, मग कॉलेजचं नाव, मग आपल्या कामाचे शब्द.

कामाच्या शब्दांची वही तर आजच घाला. मेकॅनिकलवाल्यांनी नोगिसु, बारी, दान्दोरी हे लिहून ठेवा: व्हर्निअर, कडेला राहिलेली धातूची बोचरी बर, आणि काम सुरू करण्याआधीची मांडामांड. नोगिसु हा शब्द जपानीही नाही, 'नोनिउस'वरून आलाय. नर्सिंगवाल्यांचे वेगळे, आयटीवाल्यांचे वेगळे. सगळी वही पाठ नसली तरी चालेल. 'पोन्ची-ए' मात्र जरूर शिका: बोलताबोलता हाताने काढायचं कच्चं रेखाचित्र. शब्द अडला की कागद पुढे ओढायचा. माझी पहिली दोन वर्षं त्याच्यावर निघाली.

आणि बोलायला माणूस शोधा. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या कमी नाही. दोघांनी मिळून रोज दहा मिनिटं फोनवर बोलायचं, फोनवरच, कारण समोर असलं की हातवारे मदतीला येतात. मधेमधे "हाइ", "ए, सोऽ देस का" म्हणत राहायचं. आपण "हं, बरं, हो का" करतो तसंच, पण परीक्षेला बसणारं मूल गप्प ऐकायला शिकतं आणि पलीकडच्याला वाटतं लाइन कट झाली.

परत आल्यापासून मी मुलांच्या सराव मुलाखती घेते. परवा दोघं आली होती. एक मुलगी, एन४, दुसऱ्यांदा दिलेली. प्रोजेक्टबद्दल विचारलं तर क्रियापदांची तिने पार वाट लावली, मग स्वतःच "च्योत्तो माते..." म्हणाली, जीभ चावून "मात्ते कुदासाइ", म्हणजे जरा थांबा, असं केलं आणि कागदावर गिअरबॉक्स काढायला घेतला. दहा मिनिटं आम्ही त्या कागदावरच बोलत होतो. दुसरा मुलगा एन२, १२८ गुण. त्याची स्वतःची ओळख इतकी सफाईदार की मी लिहायचं थांबवून ऐकत राहिले. ती संपल्यावर मी साधं विचारलं, रविवारी काय केलंस? तो वर पंख्याकडे बघायला लागला. मी थांबले. पुन्हा हळू विचारलं. "...नेमाशिता," झोपलो.

बाहेर पडताना दारात थांबून त्याने विचारलं, "ताई, आता एन१ देऊन टाकू का?"