सकाळच्या उजेडात इमारतींचे फोटो: फास्ट प्राइम लेन्स कशी वापरायची

एफ/१.४ किंवा एफ/१.८ची प्राइम (म्हणजे झूम नसलेली) लेन्स हाती आली की पहिला मोह होतो तो मागचं सगळं धूसर करण्याचा. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) मोठं आणि आत येणारा उजेड जास्त; अशा लेन्सलाच फास्ट म्हणतात. इमारतींच्या बाबतीत तो सोडून द्या. फुल फ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमीची लेन्स एफ/१.४ला ठेवून ३० मीटरवरच्या इमारतीवर फोकस केलं, तर साधारण १५ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. धूसर व्हायला मागे काही उरतच नाही. या लेन्सचा खरा फायदा उजेडाचा आहे. सूर्य उगवण्याआधीचा अर्धा तास ट्रायपॉडशिवाय, नुसत्या हातात कॅमेरा धरून वापरता येतो, आणि शहर निवांत असतं ते नेमकं तेव्हाच.

१. आदल्या दिवशी दिशा बघून ठेवा

सूर्य ऐन पूर्वेला वर्षातून दोनदाच उगवतो, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास. मार्च ते सप्टेंबर तो पूर्वेच्या उत्तरेकडून वर येतो आणि उरलेले सहा महिने दक्षिणेकडून. म्हणजे एखाद्या उत्तराभिमुख इमारतीच्या दर्शनी भागावर कोवळं ऊन हवं असेल, तर डिसेंबरात कितीही लवकर उठून उपयोग नाही. सूर्याची दिशा दाखवणारं कुठलंही ॲप हे काम करतं. समोरच्या इमारतीची उंचीही बघा. ती उंच असेल तर पहिलं ऊन फक्त वरच्या मजल्यांवर पडेल आणि खाली येईपर्यंत त्याचा सोनेरी रंग उडालेला असेल.

२. एकच लेन्स घेऊन निघा

रस्त्यांसाठी ३५ मिमी, मोकळ्या चौकासाठी ५० मिमी. नक्षीकाम, कमानी, खिडक्या टिपायच्या असतील तर ८५ मिमी. झूम नसल्यामुळे इमारत फ्रेममध्ये बसवायला पायांनी मागे सरकावं लागतं, आणि मागे सरकलं की कॅमेरा तितका वर करावा लागत नाही. इमारतींच्या फोटोत हे फार मोलाचं आहे, त्याचं कारण पाचव्या पायरीत येईल.

३. सूर्य उगवण्याआधी: ॲपर्चर मोठं

एफ/१.४ला आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ४०० ठेवून शटर स्पीड १/६० मिळत असेल, तर त्याच स्पीडला एफ/५.६वर आयएसओ ६४०० लागतो. सोळा पटींचा फरक आहे. हातात कॅमेरा असेल तर शटर स्पीड १/फोकल लेंग्थपेक्षा (३५ मिमीला १/३५ सेकंदापेक्षा) कमी होऊ देऊ नका.

मात्र ॲपर्चर पूर्ण उघडलं की बहुतेक लेन्स फोटोच्या कोपऱ्यांत मऊ आणि काळसर होतात, कडेचे पथदिवे पाखराच्या पंखांसारखे फाकतात. एफ/२ किंवा एफ/२.८ला हा त्रास बराच कमी होतो. मी स्वतः एफ/२वर सुरुवात करतो आणि अगदीच अंधार असेल तरच पूर्ण उघडतो. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांची छटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, ‘डेलाइट’वर ठेवा. आकाशाचा निळा आणि दिव्यांचा पिवळा यांच्यातला विरोध हाच या वेळेचा जीव आहे, आणि ऑटो नेमका तोच पुसायला बघतो.

४. ऊन आलं: ॲपर्चर लहान करा

आता उजेड भरपूर आहे. एफ/५.६ ते एफ/८ला या लेन्स कडेपासून कडेपर्यंत धारदार असतात. एफ/१६च्या पुढे डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) बारकावे पुन्हा मऊ पडतात, तिथे जायची गरज नाही. जवळचा खांब आणि मागची इमारत दोन्ही स्पष्ट हवे असतील तर ३५ मिमीवर एफ/८ला सुमारे ५ मीटरवर फोकस करा. अडीच मीटरपासून पुढचं सगळं येतं.

यानंतर भिंतीकडे नीट बघत थांबा. ऊन भिंतीला जवळजवळ घासून जात असतं तेव्हा सज्ज्याखालच्या दगडी कंगोऱ्यातल्या प्रत्येक उठावाला स्वतःची लांब सावली मिळते. छिन्नीचे घाव, गिलाव्याचे पोपडे, दोन दगडांमधल्या सांधीसुद्धा मोजता येतात. तेच ऊन समोरून पडलं की सगळं सपाट. आकाशात सूर्य तासाला १५ अंश सरकतो, त्यामुळे तिरीप बदलायला फार वेळ लागत नाही. एक कोपरा निवडून तिथेच उभं राहणं हे सहा इमारतींमागे धावण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

एक्स्पोजर उन्हातल्या भागानुसार ठरवा. खिडकीच्या काचेवर चमकणारा सूर्य पांढरा झाला तर होऊ द्या, पण भिंतीवरचं ऊन जळू देऊ नका. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आदळायला लागला की एक्स्पोजर कमी करा. फोटो रॉमध्येच (सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये) काढा, सावलीतले तपशील नंतर वर आणता येतात.

५. उभ्या रेषा सरळ ठेवा

कॅमेरा वर झुकवला की इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते, कारण सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही. पॅरिसच्या जुन्या गल्ल्या टिपणारे, १९२७मध्ये वारलेले एजेन आत्जे बऱ्याचदा भल्या पहाटे लाकडी कॅमेरा घेऊन निघत आणि कॅमेरा न झुकवता लेन्सच वर सरकवत. त्यांच्या कित्येक फोटोंचे वरचे कोपरे काळे आहेत ते त्यामुळेच: लेन्सचा उजेड तिथवर पोचलाच नाही. तुमची प्राइम लेन्स वर सरकत नाही. तेव्हा कॅमेऱ्यातली लेव्हल चालू करा, मागे सरका, जिना किंवा समोरची गच्ची मिळाली तर तिथे चढा. एवढं करूनही वरचा भाग कापला जात असेल तर थोडं झुकवा, पण बाजूंना भरपूर जागा सोडा. संगणकावर रेषा सरळ करताना फोटो पाचरीच्या आकाराचा होतो आणि खालच्या कडा कापाव्या लागतात.

६. संगणकावर

आधी लेन्स प्रोफाइल (तुमच्या लेन्सचे दोष सुधारणारी सॉफ्टवेअरमधली सेटिंग) लावा, कोपऱ्यांचा काळसरपणा जातो. मोठ्या ॲपर्चरला काढलेल्या फोटोंत खिडक्यांच्या कडांवर जांभळी-हिरवी किनार दिसेल, तीही काढा. सावल्या मात्र पूर्ण उजळू नका. त्या गेल्या की सकाळही गेली.