पाणथळीतला कार्बन मोजताना या चुका टाळा

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा बांधला गेला. दोन्ही नद्यांचा गाळ त्यामागे साचत गेला, पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली आणि नांदूरमध्यमेश्वरची पाणथळ घडली. २०२० मध्ये ती महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली. काळ्या मातीतून वाहणाऱ्या नदीकाठच्या अशा पाणथळीत कार्बन मोजायचा तर जंगलासाठी लिहिलेली पद्धत जशीच्या तशी चालत नाही. नेमके कुठे बिघडते ते इथे मांडले आहे.

हिरवळ मोजली, गाळ राहिला

पाणकणसाचे पुरुषभर उंच रान पाहिले की सगळा कार्बन तिथेच आहे असे वाटते. पण ते रान दरवर्षी वाळते, कुजते आणि पुन्हा उगवते. वर्षानुवर्षे टिकणारा साठा गाळात असतो, आणि पाणकणसाचा मोठा वाटा चिखलातल्या आडव्या खोडांत. वरचे कापून तोलले आणि खालचे सोडले तर हिशेब अर्धवट राहतो. नमुन्यासाठी ठरावीक मापाची चौकट आखून त्यातले गवत कापले की त्याच चौकटीत ३० सेंटिमीटर खोल खणा, खोडे-मुळे चाळणीवर धुऊन घ्या आणि वरच्या भागासह ६५ ते ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा.

जलपर्णीच्या बाबतीत फसगत आणखी मोठी. तिच्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असते. एक टन ओली जलपर्णी म्हणजे कोरडी जेमतेम ५० ते १०० किलो, आणि त्यात कार्बन साधारण २० ते ४० किलो. काठावर ढीग लावला की तोही काही महिन्यांत हवेत जातो. जलपर्णी काढण्याची कारणे वेगळी आणि चांगली आहेत, पण ती ‘कार्बन साठा’ म्हणून अहवालात घालू नका.

एकच फेरी, एकच काठ

पाणी उतरेल तसे इथले वनस्पतींचे पट्टे सरकतात. खोल भागात बुडालेली शेवाळे आणि पाणगवते, मग पाणकणीस, त्यानंतर लव्हाळे, वर काशगवत, आणि शेवटी बाभूळ, करंज, वाळुंज. उंचीत अर्ध्या मीटरचा फरक पडला तरी पट्टा बदलू शकतो. त्यामुळे उघड्या पाण्यापासून बाभळीपर्यंत सरळ रेषा आखा, प्रत्येक चौकटीची उंची घ्या, आणि वर्षातले किती दिवस ती जागा पाण्याखाली असते ते पाण्याच्या मापपट्टीवरून काढा. चौकट गवतासाठी १ × १ मीटर, बेशरमसारख्या झुडपांना ५ × ५, झाडांना १० × १०. पावसाळा संपल्यावर, फेब्रुवारीत आणि मे महिन्यात अशा तीन फेऱ्या हव्यातच.

गाडी पोचते त्या काठावरूनच सगळे नमुने उचलणे ही नेहमीची चूक. तो काठ गुरांनी तुडवलेला असतो, आणि कित्येकदा तिथे गाळपेर, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, झालेली असते. नांगरलेल्या गाळाला हवा लागते आणि कार्बन झपाट्याने घटतो. गाळपेरीची जमीन हा वेगळा पट्टा धरा. प्रत्येक पट्ट्यातून किमान ५ गाभे (पाइप खुपसून काढलेले गाळाचे उभे नमुने) काढा आणि सरासरी पट्ट्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात घ्या.

गाभा दाबला गेला

५ ते ७.५ सेंटिमीटर आतल्या व्यासाचा पीव्हीसी पाइप चालतो. हातोड्याने भराभर ठोकला की आतला मऊ गाळ दबतो. पाइप वर ओढण्याआधी दोन मापे घ्या: पाइपच्या तोंडापासून बाहेरच्या जमिनीपर्यंत, आणि तोंडापासून आतल्या गाळापर्यंत. पाइप ८० सेंटिमीटर गेला आणि आत ६८ सेंटिमीटर गाळ असेल, तर दाबाचा गुणक ०.८५. ही दुरुस्ती केली नाही तर घनता फुगते आणि थर चुकीच्या खोलीवर नोंदले जातात. दाब पाचव्या हिश्शाहून जास्त झाला तर तो गाभा टाकून दुसरा काढा. पाइपची कड आतून नव्हे, बाहेरून तासा. फिरवत फिरवत दाबा. मुळांचे जाळे आडवे आले तर आधी करवतीच्या पात्याने गोल कापून घ्या.

साठ्याचे गणित सोपे आहे. घनता (कोरड्या गाळाचे ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर) × कार्बनचे टक्के × खोली (सेंटिमीटर) = टन प्रति हेक्टर. घनता १.१, कार्बन २ टक्के, खोली ३० सेंटिमीटर असेल तर उत्तर ६६ टन. घनता पुस्तकातून उचलू नका. काळी माती ओली असताना फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे मे महिन्यातल्या भेगाळलेल्या मातीची घनता नोव्हेंबरच्या गाळाला लावली की आकडा सरळ चुकतो. दोन ऋतूंची किंवा दोन वर्षांची तुलना करायची असेल तर समान खोलीपेक्षा समान कोरड्या वजनाच्या मातीची करा.

चुनखडीचा कार्बन झाडांच्या खात्यात

दख्खनच्या काळ्या मातीत ही चूक सगळ्यात महागात पडते. बेसॉल्टपासून झालेल्या या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात आणि नदी ते गाळात आणते. कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनातला १२ टक्के भाग कार्बनच असतो. म्हणजे गाळात ५ टक्के चुनखडी असली तर ०.६ टक्के कार्बन असा निघतो की ज्याचा पाणकणसाशी किंवा लव्हाळ्याशी काही संबंध नाही. प्रयोगशाळेतले यंत्र ‘एकूण कार्बन’ सांगते आणि तो आकडा तसाच छापला जातो.

जागेवरच तपासा. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाका. फसफसली तर नमुना आम्लाची वाफ देऊन चुनामुक्त करूनच यंत्रात घाला, किंवा कार्बोनेट वेगळे मोजून वजा करा.

भट्टीची पद्धत स्वस्त आहे, म्हणून सगळे तिच्याकडे वळतात. ५५० अंशांवर चार तास जाळून जे वजन घटले ते सगळे सेंद्रिय, असे धरले जाते. पण चिकण कणांत बांधलेले पाणीही त्याच भट्टीत निघून जाते, आणि काळ्या मातीत चिकण भरपूर. शिवाय घटीला ०.५८ ने गुणण्याचा जुना प्रघात या चुकीवर आणखी भर घालतो. उपाय एकच: २५ ते ३० नमुने भट्टी आणि यंत्र अशा दोन्ही पद्धतींनी करून आपल्या पाणथळीचे समीकरण स्वतः काढा.

डायक्रोमेट या रसायनाने सेंद्रिय कार्बन मोजण्याची पद्धत वापरत असाल तर दोन गोष्टी पाहा. जास्त सेंद्रिय गाळाचा १ ग्रॅम घेतला की द्रावण हिरवे पडते, म्हणजे डायक्रोमेट संपले, ०.२ ते ०.५ ग्रॅम घेऊन पुन्हा करा. दुसरे, ओल्या चिखलातले लोहही डायक्रोमेट खाते आणि कार्बन जास्त दिसतो, म्हणून माती सावलीत पूर्ण वाळवून घ्या. या पद्धतीत सरासरी ७७ टक्केच कार्बन पकडला जातो असे धरून १.३ ने गुणतात. प्रयोगशाळेने ते केले आहे का ते विचारा; दोनदा गुणलेले अहवालही सापडतात.

मिथेन विसरला

पाणकणसाच्या खोडातल्या पोकळ्यांतून मुळांना हवा जाते, आणि त्याच वाटेने चिखलातला मिथेन वर येतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट तापवतो. एका हेक्टरने वर्षाला १ टन कार्बन साठवला, म्हणजे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड, तर अवघा १३६ किलो मिथेन तो लाभ पुसून टाकतो. ‘साठा’ आणि ‘दरवर्षीची भर’ हे वेगळे शब्द वेगळेच ठेवा. ६६ टन साठा म्हणजे दरवर्षी इतके शोषले जाते असे नव्हे.

मोजपेटी (वर येणारा वायू गोळा करायची बंद पेटी) फक्त उघड्या पाण्यावर ठेवू नका, पाणकणीस आत घेईल इतकी उंच पेटीही हवी. खोडे छाटून पेटी बसवली तर वायूची वाट बदलते. फळीवर उभे राहा, कारण चिखलात पाय पडला की बुडबुडे सुटतात. ०, १०, २० आणि ३० मिनिटांनी नमुने घ्या. मधेच आकडा उसळला तर तो बुडबुडा असतो. ते वाचन खोडू नका, वेगळे नोंदवा.

गाळ कुठून आला?

इथला बराचसा गाळ वरच्या शेतांतून येतो. त्यातला कार्बन पाणथळीने थांबवलेला आहे, तयार केलेला नाही. दोन्ही एकत्र करून ‘शोषण’ म्हणून दाखवू नका. गाळाचे वय काढायला अणुचाचण्यांतून पडलेल्या सीझियम १३७ चा १९६३ चा थर उपयोगी पडतो, पण जिथून पूर्वी गाळ उपसला आहे तिथे हा थर विस्कटलेला असतो. गावातल्या जुन्या माणसांना विचारल्याशिवाय जागा ठरवू नका. पाणथळ अभयारण्यात असेल तर पाइप ठोकण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी लागते, आणि पक्ष्यांचा मुक्काम हिवाळ्यात असतो हे धरून फेऱ्यांच्या तारखा लावा. प्रत्येक थराचा थोडा वाळवलेला नमुना काचेच्या बाटलीत जागा, खोली आणि तारखेसह जपून ठेवा. पाच वर्षांनी पद्धत बदलली तरी त्याच मातीवर पुन्हा मोजता येते.