अभ्यास घेताना आधी विचारा, "कसं केलंस?"

आमच्या नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत संध्याकाळी सातनंतर जिना चढलात ना तर निम्म्या दारांमागून एकच वाक्य ऐकू येतं, "किती वेळा सांगितलं तुला!" मीपण त्यातलीच होते. ऑफिसातून दमून यायचं, कुकर लावायचा आणि हातात लाटणं घेऊन लेकीचं गणित तपासायचं (लाटणं पोळ्यांसाठी, गैरसमज नको).

मागच्या वर्षी, तिसरीत असताना, तिने ५२ वजा ३८ चं उत्तर लिहिलं २६. मी खोडलं, परत शिकवलं, तिने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी ४१ वजा १७ बरोबर ३६. असं पंधरा दिवस चाललं, शेवटी मीच थकून म्हटलं, बाळा तू कसं केलंस ते मला सांग बरं. तर म्हणते, "अगं आई, दोनातून आठ जात नाहीत ना, मग आठातून दोन काढले. मोठ्यातून लहान काढायचा असतो." म्हणजे पोरीचं लक्ष होतं, नियमपण पाठ होता, फक्त तो पूर्ण संख्येऐवजी एकेका आकड्याला लावत होती, आणि मी तिला रोज "लक्ष कुठे असतं तुझं" म्हणून झापत होते.

तर पहिलं काम हेच करा, चूक दिसली की लगेच पेन घेऊन धावू नका, आधी विचारा कसं केलंस. विचारून झाल्यावर गप्प बसा, हे जास्त अवघड आहे, कारण मूल अडखळलं की आपण वाक्य पूर्ण करून टाकतो. आणि बरोबर आलेल्या गणितालाही अधूनमधून हाच प्रश्न विचारा, नाहीतर मुलं फार हुशार असतात, आईने "कसं केलंस" विचारलं म्हणजे चुकलंय एवढंच त्यांना कळतं आणि लगेच खोडरबर बाहेर येतं.

चूक कुठे आहे ते कळलं की उपाय बहुतेक घरातच सापडतो. मी तिला दहाच्या पाच नोटा आणि एकेकची दोन नाणी दिली, म्हटलं मी भाजीवाली, ३८ रुपये झाले, दे. तिने तीन नोटा दिल्या, मग हातातल्या दोन नाण्यांकडे बघत बसली आणि म्हणाली, "एक नोट सुट्टी करून दे ना." बास! हातचा म्हणजे काय ते तिथे कळलं, वहीत डोक्यावर एक छोटा आकडा लिहून कधी कळलं नव्हतं. नंतर आठवडाभर वहीतही आम्ही "सुट्टे कर" असंच म्हणत होतो.

आता इंग्रजी माध्यमवाल्यांसाठी एक खास आपली भानगड. आमच्याकडे आजी "त्रेसष्ट लिही" म्हणाली की लेक ३६ लिहायची. हा वेंधळेपणा नाही हो, मराठीत आपण आधी तीन बोलतो मग साठ, आणि लिहिताना उलट. एकोणसत्तर तर कहर, ऐकू येतो सत्तर आणि लिहायचे ६९. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात "साठ तीन" अशी पद्धत आणली तेव्हा केवढा गोंधळ झाला होता आठवतंय का, पार विधानसभेपर्यंत कोट्या झाल्या. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या, त्यांचं म्हणणं साधं होतं की मुलांना ही उलटापालट जड जाते. मला तेव्हा मीसुद्धा हसल्याचं आठवतं, आता हसत नाही. घरी दोन्ही जोडून म्हणा, "साठ आणि तीन, त्रेसष्ट", थोड्या दिवसांत आजीचंही काम होतं आणि शाळेचंही.

पाठांतराचं म्हणाल तर माझी लेक परिसर अभ्यासाचं पान पाच वेळा वाचून विसरते, पण ठाणे-वाशी लोकलची सगळी स्टेशनं तिला तोंडपाठ, ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, आमचं कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. कुणी बसून पाठ करून घेतली नाहीत. ठाण्याला मामाकडे जाताना दर वेळी अनाउन्समेंटच्या आधी ओरडायची, आता ऐरोली! मग खरंखोटं लगेच कळायचं आणि पुढच्या फेरीत परत तेच. आधी स्वतः आठवायचं, मग पडताळायचं, मधे काही दिवस गेले की परत. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर हे तपासलं होतं, एकदा वाचून झाल्यावर काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर आठवणारे पुढे. "काल तर सगळं येत होतं!" याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

म्हणून धडा एकदा वाचला की पुस्तक बंद, तीन-चार मिनिटं जे आठवेल ते बोलू दे, मोडकंतोडकं चालेल, मग पुस्तक उघडून काय सुटलं ते तिनेच शोधायचं. दुसऱ्या दिवशी स्कूलबसची वाट बघताना दोन मिनिटं, मग तीन-चार दिवसांनी एकदा. मुलं सुरुवातीला कुरकुर करतात कारण वाचण्यापेक्षा आठवायला त्रास होतो, होऊ दे.

एक सावध करते. आमच्या क्लबहाऊसमध्ये एकदा बोटांचे ठसे घेऊन मूल कसं शिकतं, डॉक्टर होणार की कलाकार हे सांगणारे आले होते, रंगीत रिपोर्ट, फी काही हजारात, आणि मी भरली. त्याला शास्त्रीय आधार नाही हे नंतर वाचलं. तसंच "माझा मुलगा व्हिज्युअल लर्नर आहे", म्हणजे बघूनच जास्त शिकतो, हे पण. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं तेव्हा मुलाच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त येतं याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. चित्र सगळ्यांनाच उपयोगी पडतं, नकाशा आहे तर नकाशा दाखवा, कविता आहे तर म्हणून घ्या.

झोपेचं गणित मात्र खरंच करा. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास लागतात, बस पावणेसातला असेल तर बाबा घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून येईपर्यंत पोराला जागं ठेवणं परवडत नाही, आमच्याकडे बाबांची गप्पांची वेळ आता सकाळी दात घासताना असते.

आणि हे सगळं करूनही तिसरी-चौथीतलं मूल साधी वाक्यं अडखळत वाचत असेल, अक्षरं सतत उलटी येत असतील, तोंडी सगळं येतं पण लिहिताना काहीच नाही असं असेल, तर ट्यूशन वाढवू नका, आधी डोळे आणि कान तपासा आणि मग अध्ययन अक्षमतेची (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित जड जाणं) तपासणी करून घ्या. मुंबईत सायनच्या हॉस्पिटलमध्ये ती होते. जाताना मुलाच्या दोन-तीन वह्या घेऊन जा, न खोडलेल्या.