परसबागेतली पानकोबी: घटस्थापनेला बी, दिवाळीला लावणी

खान्देशात पानकोबी बिघडते ती बहुतेक वेळा तारीख चुकल्याने. गड्डा भरताना तिला १५ ते २० अंशांची हवा लागते आणि आपल्याकडे तशी थंडी डिसेंबर-जानेवारीपुरतीच. अर्धा फेब्रुवारी सरला की जळगाव-भुसावळात दुपारचा पारा तिशीपार जातो. त्या उन्हात गड्डा आवळत नाही, पानं सुटी राहतात. रावेर-यावलकडे केळीला थंडीचा चरका लागू नये म्हणून ज्या रात्री बागेत धूर करतात, त्याच रात्री पानकोबीला मानवतात.

म्हणून हिशोब सणांवर ठेवा. घटस्थापनेला बी टाकायचं, लक्ष्मीपूजन आटोपलं की रोपं लावायची. मधले चार आठवडे रोपाला चार-पाच पानं यायला पुरतात. वाण गोल्डन एकर किंवा लवकर येणारा एखादा संकरित घ्या. लावणीपासून ६०-६५ दिवसांत, म्हणजे संक्रांतीच्या आगेमागे, किलोभराचा गड्डा निघतो. ड्रमहेडसारखे उशिराचे वाण दिसायला भारी, पण आपल्याकडे ते उन्हाच्या तावडीत सापडतात. थोडं बी पंधरा दिवसांनी पुन्हा टाका, नाहीतर सगळे गड्डे एकाच आठवड्यात तयार होतात आणि शेजाऱ्यांना वाटत बसावं लागतं.

रोपांसाठी गादीवाफा वीतभर उंच करा. काळ्या मातीत चाळलेलं शेणखत भरपूर मिसळा, नाहीतर वर पापडी धरते आणि कोंब अडकतो. ऑक्टोबरच्या उन्हाला वरून शेडनेट किंवा जुनी साडी चालेल. पाणी सकाळीच द्या. रात्रभर वाफा ओला राहिला की रोपं बुडाशी मऊ पडून कोलमडतात.

लावणी दुपार कलल्यावर, दोन्हीकडून ४५ सेंमीवर. ३ मीटर लांब, १ मीटर रुंद वाफ्यात डझनभर रोपं बसतात, चार माणसांच्या घराला तेवढी पुष्कळ. प्रत्येक खड्ड्यात दोन ओंजळी कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला. महिन्याने रोपामागे ३-४ ग्रॅम युरिया, खोडापासून चार बोटं लांब. वाफ्यावर वाळलेली केळीची पानं अंथरली की काळी जमीन भेगाळत नाही. भेग पडली की मुळंही तुटतात.

आता खरी डोकेदुखी, चौकोनी ठिपक्यांचा पतंग. पान उलटून बघा. बारीक हिरवी अळी खालून पान कुरतडते आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते, म्हणून पान उजेडात धरलं की खिडक्या दिसतात. बोट लावलं की ती वळवळत मागे सरते आणि तोंडातून धागा सोडून खाली लोंबते. एवढं दिसलं की ओळख पटली, दुकानदाराला विचारायची गरज नाही. लावणीच्या पंधरा दिवस आधी वाफ्याच्या कडेने मोहरी पेरा, पतंग अंडी घालायला आधी तिच्याकडे जातो. मोहरीवर अळ्या दिसल्या की ती झाडं उपटून नष्ट करा. कोबीवर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवायची आणि सकाळी फडक्याने गाळायची. त्यात थोडा साबणचुरा हवाच, कारण या मेणचट पानावरून पाणी मोत्यासारखं घरंगळून जातं. फवारणी संध्याकाळी करा आणि पानाच्या खालच्या बाजूलाही पोचवा. कपाशीसाठी आणलेली औषधाची बाटली घरात उरलेली असते, हात तिच्याकडे वळतो. तो आवरा. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ पासून बंदी आहे आणि हा पाला तर आपल्याच पोरांच्या ताटात जाणार आहे.

पानाच्या कडेपासून आत इंग्रजी व्ही आकाराचा पिवळा डाग आणि काळ्या शिरा दिसल्या तर तो घाण्या रोग. औषधाच्या नादी न लागता झाड काढून जाळा.

गड्डा भरू लागला की पाणी थोडं पण नेमाने द्या. आठ दिवस कोरडं ठेवून एकदम पाट सोडला की गड्डा तडकतो. अंगठ्याने दाबून घट्ट लागला की लगेच कापा. तयार गड्डा झाडावर ठेवून वाढत नाही, फुटतो. कापताना खालची पानं आणि खुंट राहू द्या. खुंटावर विळ्याने फुलीचा काप दिला तर बाजूने लिंबाएवढ्या गड्ड्या फुटतात, भाताबरोबर परतायला छान. फेब्रुवारी संपताना खुंट मुळासकट काढा आणि तिथे भेंडी किंवा गवार लावा. पुढच्या हिवाळ्यात मात्र त्या वाफ्यात कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा यातलं काही नको. लसूण किंवा मेथी घ्या.