काळजीने डोकं हलकं का होतं, आणि तेव्हा काय करावं

समोरचा घाबरला की "एक खोल श्वास घे" असं आपण पटकन सांगतो. भोवळ येत असताना हा सल्ला बऱ्याचदा उलटा पडतो. काळजीतल्या माणसाचा श्वास आधीच गरजेपेक्षा जास्त होत असतो, आणि चक्कर बहुतेकदा तिथूनच येते.

आधी कारण समजून घ्या. ते कळलं की निम्मी धास्ती कमी होते. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. मनात भीती शिरली की हा वेग नकळत वाढतो. काहींचा वेग वाढत नाही, पण मध्येमध्ये मोठे उसासे आणि जांभया सुरू होतात. पळायचं नसताना घेतलेल्या या जादा श्वासांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो. मेंदूच्या रक्तवाहिन्या किती रुंद राहाव्यात, हे बऱ्याच अंशी याच वायूवर ठरतं. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब एरवी 35 ते 45 मिलिमीटर पारा असतो. तो उतरला की या वाहिन्या आकसतात, आणि दर मिलिमीटरमागे मेंदूकडे जाणारं रक्त साधारण 2 ते 4 टक्क्यांनी घटतं. त्यात रक्ताचं आम्ल-अल्क संतुलन बदलल्यामुळे हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जास्त घट्ट धरून ठेवतं. म्हणून बोटावरचा ऑक्सिमीटर 98 किंवा 99 दाखवतो आणि तरी डोकं तरंगत असतं! रक्तातलं मोकळं कॅल्शियमही कमी होतं, त्यामुळे ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. त्या जाणवल्या की माणूस आणखी घाबरतो आणि आणखी हवा ओढतो.

1. आधी जागा सांभाळा. गाडी चालवत असाल तर बाजूला घेऊन थांबवा. उभे असाल तर बसा, पाय जमिनीवर टेकवा. एखाद्या स्थिर वस्तूवर नजर ठेवा; डोळे मिटल्यावर बऱ्याच जणांना जास्तच गरगरतं.

2. श्वास घेण्याआधी सोडा. सगळी मदार या पायरीवर आहे, म्हणून घाई नको. एक हात पोटावर ठेवा. आत असलेली हवा हळूहळू जाऊ द्या. मग तोंड मिटून नाकाने 4 मोजेपर्यंत श्वास घ्या, पोट हाताला जेमतेम ढकलेल इतकाच. 6 मोजेपर्यंत सोडा. हे जमलं तर मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. जड गेलं तर 3 आणि 4 मोजा. खांदे वर उचलले जात असतील तर तुम्ही अजून जास्त हवा घेताय असं समजा.

पहिल्या एक-दोन मिनिटांत हवा पुरत नाही असं वाटेल. एक मोठा श्वास ओढून घ्यावासा वाटेल, आणि बहुतेक जण इथेच हार मानतात. ओढू नका. आवंढा गिळा आणि पुन्हा सोडण्याकडे लक्ष द्या. पाच मिनिटं तरी चालू ठेवा. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय मात्र करू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर ऑक्सिजन कमी पडून तो जिवावर बेतू शकतो.

3. जबडा आणि मान सैल सोडा. दात एकमेकांवर दाबलेले असतात हे आपल्या लक्षातही येत नाही. मानेचे स्नायू आखडले की तोल जाईल असं जास्तच वाटत राहतं.

4. "मी आता कोसळणार" हा विचार तपासा. शुद्ध हरपायला सहसा रक्तदाब झपकन घसरावा लागतो, आणि भीतीच्या झटक्यात तो उलट वाढलेला असतो. म्हणून अशा झटक्यात माणूस क्वचितच बेशुद्ध पडतो. अपवाद आहे रक्त किंवा सुई पाहून येणाऱ्या भोवळीचा. तिथे दाब खरोखर घसरतो. त्यावर स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऑस्ट यांनी 1980च्या दशकात एक पद्धत मांडली: हात, पाय आणि पोटाचे स्नायू 10 ते 15 सेकंद आवळायचे, चेहऱ्याला ऊब जाणवली की सोडायचे, 20 ते 30 सेकंद थांबायचं आणि असं पाच वेळा करायचं. सुई टोचायची असेल तो हात सैल ठेवा.

5. खरंच काळजीच आहे का, हे डॉक्टरांना ठरवू द्या. एका अंगाची शक्ती जाणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं किंवा अचानक प्रचंड डोकेदुखी, यांपैकी काहीही असेल तर श्वास मोजत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. कुशीवर वळताच खोली फिरत असेल तर दोष बहुधा कानाच्या आतल्या भागात असतो. उठून उभं राहिल्यावरच अंधारी येत असेल तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजून घ्या. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला तर कारण तिथे शोधायला हवं. हिमोग्लोबिन, साखर आणि चालू असलेली औषधं यांचीही तपासणी व्हावी. उपाशी पोट, अपुरी झोप आणि कॉफीचे कपावर कप यांनी काळजी नसतानाही हीच लक्षणं उमटतात.

6. सराव शांत वेळी करा. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं पुरे. ऐन झटक्यात नवी गोष्ट शिकायला जमत नाही. भीतीपोटी बाहेर पडणंच टाळू लागला असाल तर समुपदेशकाची मदत घ्या. काही थेरपिस्ट तर आपल्या देखरेखीखाली मुद्दाम मिनिटभर भराभर श्वास घ्यायला लावतात. तीच भोवळ, त्याच मुंग्या येतात आणि श्वास मंदावला की ओसरतात. दमा, अपस्मार, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर हा प्रयोग करू नये, आणि इतरांनीही घरी एकट्याने करून पाहू नये.